मोकळी टाच

डिसेंबर लागला की लाखनीच्या आजूबाजूच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, कापलेल्या धानाच्या ढिगांचे पुंजणे उभे राहतात आणि सकाळी आठ वाजले तरी धुकं हटत नाही. हायवेवरचे ट्रक दिवे लावून एकामागून एक सरकत असतात. कॉलेजला निघायच्या आधी मी चहाचा कप घेऊन गच्चीवर जाते. बांध्या, त्यांच्यामधले धुरे, पलीकडची राईस मिल, सगळं पांढऱ्यात बुडालेलं असतं. अशा वेळी माझं शरीर मला न विचारता एक गोष्ट करतं. डावा गुडघा पुढं वाकतो, उजवी टाच जमिनीवरून उचलली जाते आणि त्या पायाचा गुडघा खाली खाली जायला लागतो. मग शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई विचारतात, "मॅडम, पाय मुरगळला का?" मी हसून सरळ उभी राहते.

सोळा वर्षांपूर्वीचा एक हिवाळा अजून माझ्या पायांत आहे. त्याच्याबद्दल मी कधी लिहिलं नाही. लिहायचं म्हटलं की आनंद पहिल्या चार ओळींत संपायचा आणि पुढं कडूपणा यायचा. या वर्षी तो कडूपणाही जागेवरून हलला, म्हणून लिहिते आहे.

मी तेव्हा नागपूरला शिकत होते. आमच्या कॉलेजातून दोन मुली सहा महिन्यांसाठी नॉर्वेतल्या एका निवासी शाळेत पाठवायच्या होत्या. निवड झाली माझी आणि रंजनाची. रंजना पवनीकडच्या कोंढ्याची, शेतकऱ्याच्या घरची. होस्टेलवर तीन वर्षं आमच्या खाटा शेजारी होत्या. ती माझ्या डब्यातली जवसाची चटणी संपवायची आणि मी तिच्या नोट्स. भंडारा जिल्हा फुटून आईचं माहेर गोंदिया जिल्ह्यात गेलं त्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, आणि 'आपली माणसं दुसऱ्या जिल्ह्यात गेली' म्हणून आई अजून हळहळायची. अशा घरातून मी नॉर्वेला निघाले होते.

फॉर्ममध्ये आजारांचा एक तक्ता होता. लहानपणी मला फिट यायच्या. शेवटची आली तेव्हा मी बारा वर्षांची होते, गोळ्या पंधराव्या वर्षी बंद झाल्या. घराबाहेर हे फक्त रंजनाला माहीत होतं, मीच एकदा होस्टेलच्या पायऱ्यांवर बसून तिला सांगितलं होतं. बाबा एसटीत कंडक्टर होते. तिकिटं फाडून त्यांचा अंगठा कायम काळा असायचा. त्या अंगठ्यानं त्यांनी तक्त्यावरची ती ओळ दाबून धरली, थोडा वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "लिही, नाही."

"बाबा, पण..."

"नाही लिही. तुले जायचं हाय ना?"

त्या क्षणी मला बाबांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही. कारण तोवरचं माझं सगळं आयुष्य 'नको'मध्ये गेलं होतं. सायकल नको, चुलीजवळ एकटी बसू नको, शाळेच्या सहलीला नको, शिडीवर चढू नको. दहावीपर्यंत आई मला न्हाणीचं दार आतून लावू देत नसे. त्याच घरानं आज मला एवढ्या लांब सोडलं, तेही एका खोट्या शब्दावर.

शाळा एका खोऱ्यात होती. दुपारी तीनला दिवस मावळायचा. आम्ही दोघी पहिले पंधरा दिवस खोलीतल्या हीटरला चिकटून बसलो. मग तूरिलनं आम्हाला बाहेर काढलं. तूरिल ही तिथली स्की शिकवणारी बाई, साठीच्या पुढची. गुडघ्यापर्यंतची लोकरी विजार घालायची आणि सगळ्यांच्या हातात दोन काठ्या असताना तिच्या हातात एकच लांब लाकडी काठी असायची, तिच्या आजोबांच्या वेळच्यासारखी. ती टेलेमार्क पद्धत शिकवायची. टेलेमार्क हे तिकडच्या एका भागाचं नाव. आपण टीव्हीवर बघतो त्या स्कीत बूट पुढून मागून दोन्हीकडून पट्टीला जखडलेला असतो. टेलेमार्कमध्ये फक्त चवडा अडकवतात, टाच मोकळी. उतारावर वळायचं तर एक पाय पुढं सरकवायचा, मागच्या पायाची टाच उचलून गुडघा जवळजवळ बर्फाला टेकवायचा, आणि पुढच्या वळणाला पाय बदलायचे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस डोंगर उतरता उतरता कुणाला तरी नमस्कार करत चाललाय.

पहिल्या दिवशी मी किती वेळा पडले ते मोजणं शक्यच नव्हतं. बर्फ कॉलरमधून पाठीत, कानात, दातांत. रंजना खाली उभी राहून पोट धरून हसत होती. "शालू, रोवणी करून राहिली का वं तू?"

खरं तर ती बरोबर बोलली होती. चिखलात धानाची रोपं लावताना वाकणं आमच्या अंगात होतंच. तूरिलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं की भीती वाटली की माणूस मागं रेलतो, आणि मागं रेललेला माणूस पडतोच. भीती वाटली की गुडघा टेकायचा, उताराच्या दिशेनं. मी तिचं ऐकलं. तिसऱ्या आठवड्यात एक वळण जमलं. एकच. पण त्या एका वळणात माझं डोकं कुठं आहे, हात कुठं आहेत, पायाची बोटं काय करताहेत ते सगळं मला एकदम कळलं. तोवर माझं शरीर म्हणजे घरच्यांनी लक्ष ठेवायची वस्तू होती, कधी दगा देईल ते सांगता येत नाही अशी. त्या वळणावर मी ते पहिल्यांदा स्वतः चालवलं.

रंजनाला हे खूळ लागलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात पडून तिचं मनगट सुजलं आणि तिनं स्की भिंतीला टेकवून ठेवल्या. पण मी उतारावर असेन तेव्हा ती यायची. उणे दहामध्ये दोन दोन स्वेटर घालून, थर्मास घेऊन उताराच्या पायथ्याशी उभी राहायची. कधी एक तास, कधी दोन. मी म्हणायचे, "तू जा ना खोलीत. कायले गारठून राहिली?" ती म्हणायची, "मले बरं वाटते पाहाले." मी वर चढायचे, मागं वळून बघायचे, तर पांढऱ्या मैदानात तिची लाल टोपी. एवढी जिवाची मैत्रीण आपल्याला मिळाली, असं मला वाटायचं. रविवारी जेवण झालं की ती फोनचं कार्ड घेऊन व्हरांड्यातल्या फोनकडे जायची आणि बराच वेळ हळू आवाजात बोलायची. कोंढ्याला बोलत असेल, मी धरून चालले.

मार्चमध्ये तूरिल दर वर्षी सहा जणांना डोंगरावर नेत असे. चार दिवस, एका लाकडी झोपडीतून दुसऱ्या झोपडीत, स्कीवर. तिनं जेवणाच्या खोलीत यादी लावली. पाच नावं तिकडच्या मुलामुलींची होती आणि सहावं माझं, तेही चुकीच्या स्पेलिंगमध्ये. मी त्या कागदासमोर उभी राहिले आणि मागून कोणीतरी पाठीवर थाप मारली. शाळेत मला पहिल्यांदा कोणी अशी थाप मारली होती, जोरात, काळजी न करता.

निघायच्या आदल्या दुपारी मी पाठीवरची पिशवी भरत होते. मोजे मोजून झाले होते. मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. त्यांच्या खोलीत तूरिल खिडकीशी उभी होती आणि खुर्चीवर रंजना बसली होती. तिनं टोपी हातात घेतली होती आणि तिची लोकर उसवत होती.

मुख्याध्यापक फार सौम्यपणे बोलले. त्यांना असं कळलं होतं की मला एक आजार आहे, जो फॉर्ममध्ये लिहिलेला नाही. हे खरं आहे का? मी म्हणाले, लहानपणी होता. नऊ वर्षांत काही झालेलं नाही. ते म्हणाले, असेल, पण डॉक्टरांच्या पत्राशिवाय डोंगरावर पाठवता येणार नाही, आणि डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. मी तूरिलकडे बघितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. ती म्हणाली, "तिथं वर माझ्याबरोबर अजून पाच जण असतात. तू मला सांगायला हवं होतंस." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजही विसरलेले नाही. तिला मी फसवलं होतं.

व्हरांड्यात मी रंजनाला गाठलं. "तू सांगतलं?"

"हो."

"काहून?"

"मले भेव वाटला, शालू."

"भेव नाही वाटला. तुले जमलं नाही, मले जमलं. तुले पाह्यवलं नाही ते."

ती काहीच बोलली नाही. तिच्या त्या गप्प राहण्याचा मी एकच अर्थ लावला. मग मी आणखी बोलले. ते इथं लिहवत नाही. तिच्या मनगटाबद्दल बोलले, तिच्या इंग्रजीबद्दल बोलले, जिथं लागेल तिथं बोलले. आजूबाजूच्या मुलांना मराठी कळत नव्हती, पण दारं हळूहळू लावून घेतली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच जण तूरिलच्या मागे एका रांगेत झाडीत नाहीसे झाले. माझ्या जागी कोणी गेलं नाही. ते दिसेनासे होईपर्यंत मी बघितलं, स्की खांद्यावर घेतल्या आणि शाळेमागच्या उतारावर चढले. त्या दिवशी मला एकामागून एक वळणं जमली. डावं, उजवं, डावं, उजवं, खालपर्यंत, एकदाही न पडता. खाली आले तेव्हा पायथ्याशी कोणी नव्हतं. मी पुन्हा चढले, पुन्हा उतरले. संतापात शरीर इतकं हलकं होतं हे मला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत तेच करत होते. मग तिथंच बर्फात बसून रडले आणि सूज दिसू नये म्हणून पापण्यांवर बर्फ धरला.

उरलेले दोन महिने आम्ही एकाच खोलीत राहिलो आणि एकमेकींशी फक्त दिवा लावू का, खिडकी बंद करू का, एवढंच बोललो.

नागपूरच्या विमानतळावर बाबा आले होते. एसटीचा गणवेश नाही, पांढरा शर्ट. त्यांनी माझी बॅग घेतली, मला नीट निरखून बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. रंजनाचे वडील तिला घेऊन दुसऱ्या गाडीनं गेले. आम्ही भाड्याच्या गाडीत बसलो. भंडाऱ्याच्या अलीकडचं शहापूर आलं तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी बाबांना सगळं सांगितलं. यादी, पिशवी, रंजनाची टोपी. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"जाऊ दे पोरी," ते म्हणाले. "पराये ते पराये असते."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आपल्या बाजूनं एक माणूस तरी आहे, असं वाटलं.

मग सोळा वर्षं गेली. मी लाखनीच्या ज्युनिअर कॉलेजात लागले. लग्न झालं. फिट पुन्हा कधी आली नाही. आई गेली, बाबा रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आले. रंजनाच्या लग्नाचं आमंत्रण आलं होतं, मी गेले नाही. माझ्या लग्नाचं मी तिला पाठवलं नाही. पण मैत्रीण म्हणून माझ्या मनात दुसरी कोणी कधी बसली नाही. ओळखी झाल्या. कोणी जवळ आलं की मी थोडी मागं रेलायचे.

या नोव्हेंबरात निवडणुकीचं ट्रेनिंग लागलं भंडाऱ्याला. मोठा हॉल, तीनशे मास्तर, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या बाया, आणि समोर मशीनची बटणं दाखवणारा एक कंटाळलेला साहेब. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसल्या, केस पिकलेले, चष्मा. यादीवर सही करताना मी नाव वाचलं. आडनाव बदललेलं होतं, अक्षर तेच.

तासभर आम्ही दोघींनी समोर बघितलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि माझ्याकडे सरकवला. "जवसाची चटणी हाय. तुह्या आईसारखी नाही जमत."

"आई गेली," मी म्हणाले.

"माहीत हाय. काकांनी सांगतलं."

माझा हात थांबला. "बाबांनी? तुले? कवा?"

रंजना दचकली. आपण बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं. मग तिनं डब्याचं झाकण हळूच लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "आता काय लपवायचं," ती म्हणाली. "काकू गेल्या तवा काकांनीच मले फोन केला. अन् आपण जायच्या आधी काका कोंढ्याले आले होते. माह्या बाबासमोर त्याहिनं माह्याकडून वचन घेतलं, का शालूले डोळ्याआड होऊ देणार नाही अन् दर रविवारी फोन करीन. तुले सांगायचं नाही."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. शालू काय जेवली, शालू कुठं गेली. पहाडावर जाणार म्हटलं तं घाबरले ते. मंग म्हणले, मास्तरीणले सांग. आत्ताच्या आत्ता सांग."

"मंग व्हरांड्यात तू काहून नाही बोलली? मी तुले एवढं बोलली, रंजू."

"बोलणार होती. रातभर इचार केला. काकांनी म्हटलं होतं, माह्यं नाव नको घेऊ. तिले बाप एकच हाय. मैत्रिणी अजून भेटतीन तिले." ती थांबली आणि चष्मा पुसायला लागली. "भेटल्या का?"

"नाही," मी म्हणाले.

सुट्टी संपल्याची घोषणा झाली. साहेबांनी पुन्हा मशीनचं बटण दाबलं आणि एक लांब शिट्टी वाजली. उणे दहामधली ती लाल टोपी मला आठवत होती. ती प्रेमानं उभी होती की पहाऱ्यावर, हे मी तिला विचारलं नाही. तिलाही आता वेगळं करून सांगता आलं नसतं. निघताना तिनं नंबर दिला. मी घेतला.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात उन्हाला पाठ देऊन तांदूळ निवडत बसले होते. आता त्यांना नीट दिसत नाही, पण सूप सोडत नाहीत. मी चप्पल न काढताच समोर बसले.

"बाबा, रंजना भेटली."

सुपातला हात चालत राहिला. "बरी हाय ना?"

"गाडीत तुम्ही मले म्हणलं, पराये ते पराये असते."

हात थांबला. नाकारतील, आठवत नाही म्हणतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तू आठ वर्साची होती," ते म्हणाले. "माही ड्युटी संपून मी घरी येऊन राहिलो होतो. तलावाच्या पाळीवर पोरं वरडत होते, शालू गेली, शालू गेली. तुले पाण्यातच फिट आली होती. मी तसाच उतरलो, ड्रेसवर. पाणी गढूळ, खाली सारा गाळ अन् शिंगाड्याचे वेल. डोळ्यानं काही दिसे ना. मंग मी पायानं शोधलं. एक एक पाऊल टाकत. मले भेव हेच का आपलाच पाय हिच्यावर पडते का काय. मंग पायाले केस लागले."

मला यातलं काही आठवत नव्हतं. पहिली फिट स्वयंपाकघरात आली, असंच मला आयुष्यभर सांगितलं होतं. आईनं, बाबांनी, आत्यानं. सगळ्या गावानं. ज्या पोरांनी आरडाओरडा केला त्यांच्याबरोबर मी दहावीपर्यंत एका वर्गात बसले आणि त्यांनाही कोणीतरी शपथ घातली असणार. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होती.

"रंजनानं मले फोनवर सांगतलं नाही का कोणता पहाड हाय," बाबा म्हणाले. "मले फक्त पांढरं दिसे. तुले तिथं पायानं कसं शोधू, हे समजे ना."

त्यांची दया येत होती, आणि दयेनं माझं म्हणणं पुसलं जाईल याची भीतीही वाटत होती. म्हणून मी ते बोलूनच टाकलं.

"बाबा, हे तुम्ही मले सांगायचं होतं. फॉर्म भरताना सांगायचं होतं. रंजूवर ढकलायचं नव्हतं. मले माहीत असतं तं जायचं का नाही, ते मी ठरवलं असतं."

बाबांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. एक खडा शोधून काढला, बोटांत धरून उन्हाकडे बघितला आणि अंगणात टाकला.

"म्हणूनच तं नाही सांगतलं," ते म्हणाले.

बाबा माझ्याशी इतकं खरं कधीच बोलले नव्हते. मी उठले, हात धुतले आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. साखर नेहमीइतकीच घातली. कप त्यांच्या हातात देताना आमची बोटं एकमेकांना लागली. मी माझी काढून घेतली.